दर्भाचा कावळा

आमच्या पथनाट्यातल्या घोषणा मी लिहायचो आणि तो द्यायचा. दोन पुरुषांच्या संसाराला संसारच म्हणा, एवढंच आमचं मागणं. वर्ध्याच्या चौकात तो डफ वाजवून हे सांगायचा. बोरगाव मेघेतल्या आमच्या खोलीवर मात्र घरमालकाने विचारलं की आम्ही नुसते रूम पार्टनर व्हायचो. मला याचा संताप यायचा, त्याला हसू. म्हणायचा, आपल्या दोघांवरचं मोठं नाटक लिहून पुरं कर, घरमालकाला पहिल्या रांगेत बसवू.

नाटक अर्ध्यावर होतं आणि तो तापाने गेला. दवाखान्याच्या लेखी मी त्याच्या नात्याचा नव्हतो. त्याचे शेवटचे दिवस मी बाहेरच्या बाकावर काढले.

दहाव्याला पवनारला धाम नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येईना. घरच्यांनी एकेक कबूल करायला सुरुवात केली: आईला सांभाळू, बहिणीचं लग्न थाटात करू. कावळे ढिम्म. त्याचा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं. नाटक पुरं करीन, हे कबूल करायला मी पुढे झालो, तसा त्याच्या मोठ्या भावाने हात आडवा घातला.

"दोस्त लोकांनी मांगंच राहा. हे घरच्यायचं काम हाय."

मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला उतरले. इतकी वर्षं त्याच्या ताटात जेवलेला मी, दोस्त म्हणून एकटाच बसने परत आलो. आजही आठवलं की जीव तुटतो.

अर्धं राहिलेलं नाटक मी त्या काठापासूनच पुढे लिहिलं. त्यात जोडीदार भावाचा हात बाजूला सारतो आणि म्हणतो, मी याच्या घरचाच आहे. तालमीत पोरं मागे लागली, आता कावळा येऊ द्या, टाळ्या पडतील. मी साफ नकार दिला. जो आलाच नाही त्याला मी टाळ्यांसाठी कुठून आणू?

पहिल्या प्रयोगाला त्याची आई केळझरहून एकटीच आली. घरी काय सांगून निघाली, कोण जाणे. लोक पांगले तरी ती खुर्चीतच होती. मी पाया पडलो. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"त्या दिवशी म्या तुले मांगं उभं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तुले बोलू देलं असतं, त कावळा शिवला असता का रे?"

हो म्हणावं तर तिचं पोर उपाशी गेलं. नाही म्हणावं तर मी त्याचा कोणीच नव्हतो. मी तिची पिशवी उचलली आणि तिला केळझरच्या बसमध्ये बसवून दिलं.