सातवा हिरवा धागा

आमची मुलगी पाच दिवसांची होती, तेव्हा दूध ओढेना. मी धूलकोटकडे शेतांच्या मोजणीवर होतो. बुधवारा पेठेत आमच्या शेजारी एक विणकर घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणे. मोहरम चालू होता. खालांनी मुलीला उचलून ताजियापुढे नेलं, नवस बोलल्या आणि आपल्या मागावरचा हिरवा धागा तिच्या गळ्यात बांधला. मी परतलो तेव्हा मुलगी दूध पीत होती. श्रेय कोणाचं, ते मी ठरवलं नाही. नवस फेडायचा, एवढं ठरवलं.

तेव्हापासून मोहरमचा चांद दिसला की खाला नवा धागा बांधत. दहाव्या दिवशी मुलगी हिरवी झोळी घेऊन फकीर व्हायची, पाच घरी धान्य मागायची. त्या धान्याचा मलिदा होई, आणि संध्याकाळी धागा सोडून तापीत जाई. सात वर्षांचा नवस, असं मी धरून चाललो होतो.

संस्थानं विलीन होऊन गेली होती आणि आपण कोणत्या प्रांतात राहणार, याची चर्चा ओट्याओट्यावर होती, ते दिवस. खालांच्या मुलाला मालेगावला यंत्रमागावर काम मिळालं. घरातला माग सुटा करून झाला होता, पण खाला निघेनात.

"सातवाँ मेरे हाथ से खुल जाए, फिर जहाँ ले जाओगे चलूँगी," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या.

मी तिथेच बसलो होतो. मला राहवलं नाही. "खाला, हा सहावा. पोरगी अजून सहाचीसुद्धा नाही. सात कुठून होतील?"

त्यांचा चेहरा उतरला. "तो अगले साल कौन बाँधेगा, बेटा?"

मी उठून घरी आलो. त्या वर्षी मोहरम आणि भाद्रपद एकत्र आले होते. उद्या गणपती बसायचा होता आणि बायको मखराला कागद चिकटवत होती. तिला झालेलं सांगितलं.

"अहो, तुम्ही असं बोललात त्यांना?" तिने हातातली खळ खाली ठेवली. "वर्षांचा नवस नव्हताच. 'सात मोहरम धागा बाँधूँगी' असं बोलल्या त्या. पहिला त्याच दिवशी बांधला. वर्षं तुमच्या डोक्यातली."

मी पंचांग घेऊन बसलो. त्यांचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. सहा फेऱ्यांत मोहरम दोन महिने अलीकडे सरकला. शिवाय मी पहिल्या वाढदिवसाजवळचा मोहरम पहिला धरला होता, आणि त्याआधीचा, पाच दिवसांच्या पोरीचा मोहरम माझ्या मोजणीतून गळला होता. मुलगी पाच वर्षं दहा महिन्यांची होती आणि मोहरम बरोबर सात झाले होते.

तसाच उठून गेलो. "खाला, चूक माझी. हा सातवा आहे."

त्या डोळे पुसत हसल्या. मुलाला हाक मारून म्हणाल्या, "सुना? जमीन नापनेवाला पूरा मोहर्रम खा गया!"

दहाव्या दिवशी झोळीत पहिली मूठ रिवाजाप्रमाणे आमच्याच दारात पडली. आत गणपती बसलेला. बायकोने गहू घातले आणि वर एक मोदक ठेवला.

"फकिराला दोन देतात," मुलगी म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"खालांनी."

दोन दिले.

संध्याकाळी तापीच्या घाटावर ताजिये आले. दोन दिवसांनी ह्याच पायऱ्यांवर आमचा गणपती यायचा होता. खाला खालच्या पायरीवर बसल्या, मुलीला पुढ्यात घेतलं. गाठ पाण्याने आणि घामाने आवळून गेली होती आणि त्यांच्या नखात येत नव्हती. मी खिशातून चाकू काढला.

"नहीं बेटा. हाथ से बाँधा है, हाथ से खुलेगा."

त्यांचा मुलगा वरच्या पायरीवर उभा होता. सामान बांधून ठेवलेलं होतं. मुलगी मान वाकवून बसली होती, जराही न हलता, आणि खाला नखाने एक एक पेड सैल करत होत्या. त्यांना किती वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, पण त्याकडे मी पाहिलं नाही.