अण्णांचा फोटो आणि मालिकेचे पहिले तेरा भाग

काल दिवसभर पेठ गावच्या घरी अण्णांचा एक बरा फोटो शोधत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या आठवड्यात गेले... उद्या दहावा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करून करून पाय भरून आलेत आणि डोकं चालेनासं झालंय.

शेवटी कपाटामागे एक सापडला. डोक्याला फेटा, मंचरच्या स्टुडिओत काढलेला. फ्रेमच्या खिळ्याला जुन्या हाराचा दोरा अजून अडकलेला होता... आणि तो हार घातला तेव्हा अण्णा चांगले धडधाकट होते.

मी अकरा वर्षांची असेन. टीव्हीवर खून-दरोड्यांची एक नवी मालिका लागली होती. आता लोक 'पहिला सीझन' म्हणतात, आम्ही 'पहिले तेरा भाग' म्हणायचो. दर भागाच्या सुरुवातीला एक जाड आवाजाचा माणूस सांगायचा, की ही घटना खरी आहे, फक्त नावं बदलली आहेत.

त्यातल्या एका भागाचं शूटिंग आमच्या घरी झालं. घर हायवेला लागून, त्यामुळे खून झालेल्या ट्रकमालकाचं घर म्हणून आमची ओसरी त्यांना पसंत पडली. मेलेला माणूस फक्त फोटोपुरता होता, आणि नेमका तो फोटो ते मुंबईलाच विसरून आलेले... अण्णांनी हौसेनं भिंतीवरचा स्वतःचा काढून दिला.

आई जाम चिडली. जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का, म्हणाली. अण्णा म्हणाले, "घालू दे की. यमाला वाटंल, ह्याचा नंबर होऊन गेला." मग त्या लोकांनी तिलाच रडणाऱ्या बायकांत बसवलं... आणि हार बघून ती खरोखरच रडली.

आता सखूआत्याबद्दल सांगायला हवं. अण्णांची धाकटी बहीण, दिली तिकडे डोंगरात, तळेघरला. माझ्या बारशाला तिची एसटी आली नाही, म्हणून बाई अर्धी वाट चालत आली... आणि बघते तर माझं नाव ठेवून झालेलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण जेवणं खोळंबली म्हणून अण्णा थांबले नाहीत, शेजारच्या काकूंकडून उरकून घेतलं.

आत्यानं आणलेली कुंची उंबऱ्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरली. पुढची अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दर भाऊबीजेला अण्णा उगाचच फाट्यावर जाऊन बसायचे, एसट्या बघायचे आणि परत यायचे... पण तळेघरला जाणं काही त्यांच्याच्यानं होईना. हट्टी माणूस.

तो भाग लागला तेव्हा अख्खी आळी आमच्याकडे. सगळे हसले, अण्णांनी पेढे वाटले... फोटोला पेढे, असलं आमचं घर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हेल काढून रडायला लागलं. बघतो तर सखूआत्या. पायांवर धुरळा, चपलेचा अंगठा तुटलेला. "माझा भाऊ गेला आन् मला सांगावा सुदिक न्हाई धाडला," एवढं एकच ती रडत म्हणत होती.

अण्णा दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच, बाहेर आले. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, मग मटकन खाली बसली.

तिनं तो भाग त्यांच्या पाटलाच्या घरी, बॅटरीवरच्या टीव्हीवर पाहिला होता. भावाचा फोटो, हार, आमची ओसरी, वहिनी रडतेय... आणि तेवढ्यात बॅटरी उतरली. आईनं विचारलं, की अगं, मेलेल्याचं नाव तर वेगळं होतं ना. आत्या म्हणाली, "नावं बदलल्यात, आसं त्यो माणूसच म्हनला व्हता की."

कुणी हसलं नाही. अण्णा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "सखे, त्या दिवशी मी थांबाया पायजे व्हतं," म्हणाले. मी अण्णांना कधी चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, आधीही नाही आणि नंतरही नाही.

आत्यानं डोळे पुसले आणि मला जवळ बोलावलं. एवढ्या मोठ्या घोडीच्या कानात कुर्रर्र करून तिनं मनात ठेवलेलं नाव सांगितलं... ते इथे लिहीत नाही. त्या नावानं मला फक्त तीच हाक मारते.

गेल्या आठवड्यात अण्णा गेले तेव्हा लोक घाई करत होते. ऊन चढतंय, पावणं खोळंबलेत, उरकून घ्या... मला भांडायचीही ताकद नव्हती. तरी मी दारात बसून राहिले आणि सांगितलं, आत्या आल्याशिवाय उचलायचं नाही.

चार तास थांबलो. आत्या जीपमधून उतरली, आता तिला धड चालवत नाही. आली ती रडली नाही. अण्णांच्या तोंडाकडे बघत बसली, मग माझा हात धरून त्या नावानं हाक मारली आणि हळूच विचारलं, "ह्ये शूटिंग तर न्हाई ना गं?"

मी नाही म्हणून मान हलवली... मग ती रडली आणि मीही.

उद्या हाच फोटो लावणार आहे. मुंबईला फोटो विसरून आलेला तो माणूस कोण होता, देव जाणे. पण त्याच्या त्या विसरण्यावर आमच्या घरात इतक्या वर्षांच्या भाऊबीजा झाल्या... फोटो विसरणाऱ्या दादा, जिथे असशील तिथे सुखी राहा.