बाईंनी न विकलेला डबा

“हा गुलाबी रंग आपल्याला कुणी दिला? त्यांचं आपल्याशी काही भांडण होतं का?”

नारायण पेठेतल्या दुकानात मी नोकरी मागायला गेले, तेव्हा मालतीबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी हे विचारलं. सावळ्या मुलीनं ओठांना फिकट गुलाबी लावलं की ती उजळ दिसते, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. मी खडकवासल्याहून दोन बस बदलून आले होते, घामानं निथळत होते आणि ही बाई माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होती. असा राग आला म्हणता! पण नोकरी हवी होती. मी म्हटलं, “आईनं दिलाय.” त्या म्हणाल्या, “मग राहू द्या. आईला काही बोलता येत नाही. उद्यापासून या.”

त्या दुकानात लिपस्टिक-पावडरीच्या काउंटरमागे बाई बावीस वर्षं उभ्या होत्या. स्वतः लावायच्या फक्त पावडर आणि टिकली. घरी कुणी नव्हतं, त्यामुळे सुट्टीचा दिवस त्यांना खायला उठायचा. त्यांची विकायची रीत जगावेगळी. लिपस्टिक गिऱ्हाइकाच्या ओठांना लावायची, तिला हाताला धरून दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं करायचं आणि निकाल द्यायचा. “ट्यूबलाइट खोटं बोलते,” असं त्या म्हणायच्या. निकाल दोनच, ‘शोभतं’ किंवा ‘नाही’. ‘नाही’चं कारण मिळत नसे. तरी पेठेतल्या बायका दुसरीकडून घेतलेली लिपस्टिकसुद्धा बाईंकडून पास करून घ्यायला यायच्या. जवळच्या मंगल कार्यालयातून फुकट ओठ रंगवायला येणाऱ्या वऱ्हाडी बायकांना मात्र त्या लांबूनच सांगायच्या, “ते टेस्टर आहे, प्रसाद नाही.”

आमचं काउंटर ज्या बड्या कंपनीचं होतं, तिची एक गडद लाल शेड वर्षानुवर्षं गाजत होती. त्या एका लाल रंगावर कंपनीनं अख्खा शाही संच काढला. लिपस्टिक, नेलपॉलिश, गालांची पावडर, सगळं त्याच रंगाचं, आणि वर मखमली डबा. किंमत वाचली की बायका तो डबा झोपलेल्या बाळासारखा अलगद खाली ठेवायच्या. कंपनीचे साहेब टाय लावून आले आणि म्हणाले, “मॅडम, हा नुसता रंग नाही, हे एक फीलिंग आहे.” बाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. “नखांना लावायचं फीलिंग ते हेच का?”

साहेबांना विनोद कळला नाही, पण अट त्यांनी स्पष्ट सांगितली. दिवाळीच्या आत दुकानाला दिलेले बाराही डबे खपले तर काउंटर इथं राहील, नाहीतर कंपनी ते उचलून मॉलमध्ये नेईल. त्या जागी मोबाइलची कव्हरं लावायचं मालकांनी मनात पक्कं केलं होतं, तरी त्यांनी बाईंना हात जोडले. “बाई, दिवाळीपर्यंत तेवढं ‘नाही’ म्हणू नका.” बाईंनी मान डोलावली. काउंटर गेलं तर त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, हे मलाही ठाऊक होतं.

‘नाही’ म्हणायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, म्हणून बाईंनी सरसकट मौन धरलं. झालं! सगळा घोटाळा त्यानंच केला. बायका लिपस्टिक लावून पायरीवर उभ्या राहायच्या, बाई आभाळाकडे बघायच्या. एका काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “इतकं वाईट दिसतंय का हो?” एका गृहस्थांनी बायकोच्या वाढदिवसाला डबा नेला, तर दुसऱ्या दिवशी ती बाई डबा घेऊन हजर. “ह्यांनी आणलाय. पास झालाय का?” बाई गप्प. डबा परत कपाटात.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी बाईंनी माझाच हात धरला, मला पायरीवर नेलं आणि तो लाल माझ्या ओठांना लावायला घेतला. मी म्हटलं, “अहो बाई, मी सावळी आहे.”

“दिसतंय मला. म्हणूनच.”

बराच वेळ त्या बघत राहिल्या आणि समोरच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “शोभतं.”

टिकल्या घ्यायला आलेल्या दोघी जागीच थांबल्या. बाईंनी तोंड उघडलं ही बातमी संध्याकाळपर्यंत पेठभर झाली. सावळ्या, गव्हाळ, आजवर फिकटच लावत आलेल्या बायका येऊ लागल्या. बाईंचं ‘नाही’सुद्धा सुरू झालं आणि मालक कपाळाला हात लावून बसले. तरी अकरा डबे गेले.

शेवटच्या दिवशी साहेब काउंटर उचलायचे कागद घेऊन आले. तेवढ्यात दारात मोठी गाडी थांबली. हिंजवडीकडच्या एक आक्का, गोऱ्यापान, अंगभर सोनं. “त्यो लाल डबा द्या,” त्या म्हणाल्या. “पन हितं म्हनं खरं सांगत्यात. कसं दिसतंय मला?”

बाईंनी त्यांना उन्हात नेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, एकदाच.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“बरं झालं बया, वाचले,” असं म्हणून आक्का काजळाची डबी घेऊन हसत गेल्या.

साहेब घड्याळ बघत होते. माझ्या पगारात तो डबा बसत नव्हता. मी बाईंना कोपरानं ढोसलं, “अहो, तुम्हीच घ्या ना!”

“सकाळीच लावून बघितली. मला शोभत नाही.”

“म्हणून काय झालं?”

“गिऱ्हाईक कुणी का असेना, ‘नाही’ म्हणजे ‘नाही’,” बाई म्हणाल्या. मला हसू आलं आणि लगेच रडू.

संध्याकाळी काउंटर रिकामं झालं. बाई पिशवी घेऊन पायरी उतरत होत्या, तेव्हा मी भांडलेच. “एकदा ‘शोभतं’ म्हणायला काय जात होतं? आक्का खूश झाल्या असत्या, तुमचं काउंटरही राहिलं असतं.”

“आणि मग तुम्हाला म्हटलं होतं, त्याचं काय?” बाई म्हणाल्या. “तेसुद्धा डबे खपवायलाच म्हटलं, असं वाटलं असतं तुम्हाला. आज नाही, पण कधीतरी आरशासमोर.”

बाईंना देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे माझं लग्न ठरवताना दोन ठिकाणांहून रंगावरून नकार आला. रडले, नाही असं नाही. पण आरशात बघताना मला शंका कधी आली नाही.