बायपासच्या आदल्या दिवशीची कादंबरी

बायपासच्या आदल्या दिवशी सासऱ्यांना प्रेतावरची विनोदी कादंबरी वाचायला देणारा आमच्या नात्यागोत्यात मी पहिलाच जावई.

हेतू चांगला होता हो! सासरे घोटीचे, तांदळाचे व्यापारी. ऑपरेशनसाठी नाशिकला आणल्यापासून नुसते छताकडे बघत पडून होते. मला लोकांना पुस्तकं सुचवायची खोड आहे (कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा). त्यात काळ्या विनोदाच्या कादंबऱ्या माझ्या विशेष लाडक्या! "मामा, ही वाचा. मरणाची भीतीच जाईल," असं म्हणत सकाळीच पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं आणि रात्री इंदिरानगरला घरी शांत झोपलो.

गोष्ट अशी, की एक माणूस दगावतो आणि शववाहिका चुकून त्याला लग्नाच्या हॉलवर पोचवते. वऱ्हाडी त्याला रुसलेले काका समजून खुर्चीत बसवतात आणि जिलेबीचा आग्रह करतात. तो दगावतो ऑपरेशनच्या टेबलावर, हे मात्र मी साफ विसरलो होतो!

सकाळी हॉस्पिटलमधून बायकोचा फोन. "अहो, बाबा ऑपरेशनला नाही म्हणतायत! काय होतं त्या पुस्तकात?"

धावत पोचलो. खोलीच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. आत मामा पलंगाचा दांडा घट्ट धरून बसलेले. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आणखी थांबण्यात धोका आहे. मग मला जबाबदार धरू नका."

"दाजी," मेहुणा माझ्या कानाशी आला, "बाबांना काही झालं ना, तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मीही आग्रह केला नाही.

"पुस्तक कुठंय?" मी विचारलं.

"घोटीला धाडलं," सासूबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी भावजी निघाले, त्यांच्या पिशवीत कोंबलं. अशुभ मेलं! जावईबापू, आमचं काय चुकलं होतं हो?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या रडायला लागल्या.

तेवढ्यात मामा गरजले, "सगळे बाहेर व्हा! जावईबापू तेवढे थांबा."

दार लागलं. माझ्याच छातीत कळ येते की काय, असं झालं.

"मला भ्या नाय वाटत," मामा हळूच म्हणाले. "लय भारी पुस्तक हाय. पण हिनं अर्ध्यात ओढून नेलं. आता मी आत गेलो आन् परत नाय आलो, तर? त्या मयताचं पुढं काय झालं, ते कळाल्याबिगर मी हलणार नाय!"

मी घाम पुसला. अडचण एकच होती. पुस्तक मीही अर्धंच वाचलं होतं! (सुचवायला तेवढं पुरतं.)

बाहेरून दार वाजायला लागलं. मी तोंडाला येईल ते सांगत सुटलो. मयताच्या हातून नवरीला आहेर दिला, ग्रुप फोटोत त्याला मधोमध बसवला, आणि शेवटी पाठवणीच्या गाडीत घालून थेट नवरीच्या सासरी धाडला! मामा पोट धरून हसले आणि हसत हसतच स्ट्रेचरवर चढले.

मग आम्ही बाकावर बसलो. मला राहून राहून एकच वाटत होतं, या माणसाला मी शेवटची गोष्ट सांगितली ती धडधडीत थाप. दुपार टळून गेल्यावर डॉक्टर आले आणि म्हणाले, "व्यवस्थित झालं." सासूबाई पुन्हा रडल्या. या वेळी मीही.

घोटीला गेल्यावर मामांनी पहिलं काम काय केलं असेल, तर उरलेलं पुस्तक वाचून काढलं. लगेच मला फोन!

"जावईबापू, यात तर शेवट निराळाच हाय! तुम्ही इतक्या सफाईनं थापा मारता? मग लग्न ठरवताना सवताबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं खरं किती व्हतं?"

मी घाईघाईनं फोन बायकोकडे दिला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मीही अजून तेच शोधतेय!"