नकुशीचा विळा आणि सत्काराची तलवार

विळ्याचं पातं माझ्या हातून गेलं ते शुक्रवारी दुपारी, आणि गेलं ते निव्वळ चांगुलपणापायी. वाईट हेतूनं माणूस एवढं नुकसान करू शकत नाही. त्याला मध्येच कुठं तरी भीती वाटते. चांगुलपणाला ब्रेक नसतो.

मांडवगण फराट्यात बाजारतळाच्या मागं सुगराबीचं पत्र्याचं शेड आहे. गाव त्यांना चाची म्हणतं. त्यांचा नवरा इरशाद शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, म्हणून मी भाभी म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी त्या शेडमध्ये पेपर वाचायला बसतो. घरी पंखा आहे, आरामखुर्ची आहे, पेपरसुद्धा घरीच येतो. पण घरी बघत बसावं असं काही बनत नाही. (हे वाक्य सूनबाईंच्या हाती लागू नये.)

त्या दिवशी भाभी बाभळीचं लाकूड आणायला गेल्या होत्या. फळीवर एक छोटं, बाकदार पातं पडलं होतं. मूठ बसायची तेवढी बाकी. मी ते उचलून धारेवरून अंगठा फिरवला आणि मला वाटलं, अजून थोडी धार चालली असती. छत्तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम पुरं झालेलं कधी दिसतच नाही. मी ग्राइंडरचं बटन दाबलं.

ठिणग्या छान उडाल्या. मी जोर केला. धारेवर मोराच्या मानेसारखा निळा रंग आला. मला तो आवडला. मग आठवलं, की भाभी म्हणतात, निळं पडलं की पाणी उतरलं. म्हणजे पोलाद तापून मऊ झालं, आता त्याची धार टिकायची नाही.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी चूक सुधारायला घेतली. भाभी पातं लाल करून बुडवतात हे मी शंभरदा पाहिलं होतं. भट्टी पेटवली, पातं लालबुंद केलं आणि समोरच्या बादलीत बुडवलं. ‘टिंग’ असा आवाज झाला. हात वर घेतला तेव्हा सांडशीत अर्धंच पातं होतं.

तेवढ्यात भाभी आल्या. त्यांनी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“पाण्यात बुडवलं व्हय, गुरुजी?”

“हो.”

“त्येलाचा डबा दिसला न्हाई?”

“दिसला.”

“मग?”

मी सांडशी हळूच खाली ठेवली.

“पोराला उत्तर न्हाई आलं की काय करायचा तुम्ही?”

“बाकावर उभं करायचो.”

“इथं बाक न्हाई. बसा.” आणि त्यांनी खाली वाकून बादलीतला उरलेला तुकडा काढला. “नकुशीचा विळा व्हता ह्यो.”

तेव्हा मात्र मी खरोखर बसलो.

नकुशी माझ्याच हाताखालून गेलेली मुलगी. कारेगावात खोली घेऊन ती एका कारखान्यात प्रेसवर कामाला होती. गेल्या वर्षी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या प्रेसखाली गेलं. गावी भावाकडं आली. भाऊ चांगला आहे, भावजय त्याहून चांगली. तेच नकुशीला सोसत नव्हतं. “गुरुजी, मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत न्हाईत. देव्हाऱ्यात बसवल्यावानी बसवलंय,” असं ती एकदा म्हणाली होती. कांदाकाटणीची टोळी नेणाऱ्या सखूबाईंकडं ती तीनदा गेली. सखूबाई म्हणजे शब्द मोजून टाकणारी बाई. त्या म्हणाल्या, “सोमवारी ये. एक दिस बघती. बायांच्या बरुबर वाफा उरकला तर उरकला, न्हाई तर घरी बस.”

काटणी म्हणजे डाव्या हातात कांदे धरायचे आणि उजव्या हातातल्या विळ्यानं पात छाटायची, दिवसभर. मुठीचा सगळा जोर शेवटच्या दोन बोटांत असतो, हे मला नकुशीची बोटं गेल्यावर कळलं. दुकानातला विळा तिच्या हातातून सुटून पडायचा. म्हणून ती भाभींकडं आली होती.

आणि भाभींकडं येण्याला कारण होतं.

सुगराबी मूळ दौंडच्या. वडील मेहमूदमिया रेल्वेवाल्यांच्या पत्र्याच्या ट्रंका दुरुस्त करायचे, आणि ही मुलगी हातोडी धरून बसायची. लग्न होऊन मांडवगणला आल्यावर हातोडी सुटली. मग अकरा वर्षं त्या कारेगावाजवळच्या एका भंगाराच्या गोडाऊनमध्ये माल निवडायला जात होत्या. तिथं लोहचुंबक लावून निवडायचं, आणि शंका आली तर ग्राइंडरला लावून ठिणगी बघायची. लांब, सरळ, वाळक्या गवतासारखी ठिणगी पडली तर मऊ लोखंड. फुटून फुलबाजीसारखी तडतडली तर पोलाद. बाकीच्या बायका किलो बघायच्या, ह्या ठिणग्या बघत बसायच्या. मुकादम ओरडायचा, “चाची, दिवाळी हाय काय?”

एक दिवस खुरपून हाताला फोड आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बाजारातली खुरपी, विळे, सगळ्यांच्या मुठी गड्याच्या पंजाच्या. राबणार बाया आणि मूठ बाप्याची. शिरूरच्या लाकडाच्या वखारीतून आऱ्याच्या तुटक्या पट्टीचा तुकडा आणून त्यांनी स्वतःपुरतं एक खुरपं केलं. ते शेजारणीनं मागून नेलं आणि परत दिलंच नाही. धंदा सुरू झाला तो असा, चोरीतून.

शेडमध्ये विकत आणलेलं काहीही नाही. वॉशिंग मशीनच्या मोटरीचं ग्राइंडर. ट्रॅक्टरच्या ब्रेक ड्रमची भट्टी, तिला हवा घालायला केस वाळवायचा ड्रायर. तो करिश्मा ब्युटी पार्लरनं टाकून दिलेला. ऐरण म्हणजे ट्रकच्या एक्सलचा तुकडा, सांडशी बांधकामाच्या सळईची. आणि मागच्या फळीवर मातीचे गोळे. गिऱ्हाईक आलं की भाभी आधी वडगाव रासाईच्या नदीकाठची चिकणमाती त्याच्या हातात देतात. “दाबा. विळा धरल्यावानी.” त्या गोळ्यावर उमटलेला पंजा बघून मग मूठ तासायची. गोळ्यांवर खडूनं नावं असतात. खडू मी पुरवतो. शाळेतून घरी आलेली एवढीच माझी मिळकत. गावातल्या साठ-सत्तर बायका त्या फळीवर मुठी आवळून बसलेल्या आहेत. रात्री सरपंचानं तिकडं एकट्यानं जाऊ नये असं माझं मत आहे.

नकुशीचे गोळे चार होते. तीन बोटांची मूठ एका दाबात उमगत नाही.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. पट्टी ती शेवटची व्हती. वखारवाला म्हनतो, पंधरा दिसांनी बघू.” भाभी लाकूड चाचपत म्हणाल्या. “सोमवारला मधी दोन दिस हायेत. पोलाद आना, गुरुजी.”

“कुठून?”

“मोडताना इचारलं व्हतं का, कुठून?”

शनिवारी सकाळी मी घर पिंजून काढलं. लोखंडासारखं जे दिसलं ते पिशवीत भरलं: अडकित्ता, मोडकी कात्री, सायकलचं पायडल, दोन बिजागऱ्या, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत खोचलेलं कसलं तरी गंजकं दांडकं. सूनबाई, प्रांजल तिचं नाव, म्हणाली, “बाबा, ती खिडकी आता आपटणार.” मी म्हटलं, आपटू दे. मग दिवाणखान्यात गेलो. भिंतीवर माझी तलवार होती. सेवापूर्तीच्या सत्कारात फेटा, श्रीफळ आणि ही तलवार मिळाली होती. फेटा सुटला, नारळाची बर्फी झाली. तलवार तेवढी मान राखून होती. क्षणभर हात अडखळला. मग नकुशी डोळ्यांपुढं आली, आणि मी तलवार काखेत मारून बाजारतळावरून निघालो. दोघांनी विचारलं, “गुरुजी, कुणावर?”

नकुशी आधीच येऊन बसली होती. विळा मी मोडल्याचं तिला कळलं होतं. तिनं सरकून मला बसायला जागा दिली, आणि ते फार वाईट लागलं.

भाभींनी आधी तलवारच घेतली. ग्राइंडरच्या चाकाला लावली. लांब, पिवळट, आळशी ठिणग्या पडल्या आणि विझल्या.

“लोखंडाला नाव इचारायचं नसतं, चाकाला लावायचं असतं,” भाभी म्हणाल्या. “ह्यात पोलाद न्हाई, गुरुजी. सत्कार हाय नुसता.”

नकुशी फिसकन हसली. मला बरं वाटलं.

अडकित्ता नापास. कात्री काठावर. बिजागऱ्या तर चाकाला लावायच्या लायकीच्याही नव्हत्या. शेवटी ते गंजकं दांडकं निघालं. चाकाला टेकताच असा तडतडाट झाला की शेडमध्ये पांढरी फुलं फुटली. भाभींनी ते जवळ घेतलं, गंज नखानं खरवडला. खाली बारीक दाते.

“कानस हाय! जुनी, अस्सल. कुठं ठिवली व्हती?”

“खिडकीत. आपटू नये म्हणून.”

“आन् तलवार?”

“भिंतीवर.”

भाभींनी एक उसासा टाकला.  

लोखंड घासायची ती कानस भट्टीत लाल करून राखेच्या डब्यात पुरली, हळूहळू निवून मऊ व्हायला. तोवर भाभी नकुशीच्या हातात बाभळीची मूठ देऊन बघत होत्या. मनगटाकडं जाड, वर कापडी पट्टा. कोरड्या हाताला ठीक. पण कांद्याच्या रसानं हात चिकट-ओला होतो, म्हणून भाभींनी तिच्या तळव्याला तेल चोळलं. तीन हिसक्यांत मूठ पट्ट्यातून निसटून खाली. पुन्हा तेच. नकुशीचा चेहरा उतरला. “ऱ्हाऊ द्या, चाची. सोमवारी सांगती सखूबाईला, न्हाई येत म्हनून.”

“गप,” भाभी म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

नकुशीनं तोंड फिरवलं. बाजूला तलवार पडली होती. नुसतं काही तरी करायचं म्हणून तिनं ती उचलली. फोटोत सरदार धरतात तशी धरली आणि माझ्याकडं बघून उसनं हसली. “काय गुरुजी, मुकादमीण दिसती का?” असं म्हणून तिनं हात झटकला. तेलकट हात, तीन बोटं. तलवार हलली नाही.

“पुन्यांदा हालव,” भाभी म्हणाल्या.

तिनं हलवली. उलटी केली. तलवार हाताला धरून राहिली. मुठीला जी पितळी कमान असते ना, वरून निघून बोटांवरून वळून खाली येणारी, ती पंजाच्या पाठीमागं बसली होती. गेलेल्या दोन बोटांचं काम ती करत होती.

भाभींनी तलवार तिच्या हातून घेतली, कमानीवर टिचकी मारली आणि मला विचारलं, “सत्कार लागतोय का तुम्हाला?”

मला वाटतं, माझ्या सत्कारात मला कुणी विचारलेला तो पहिलाच खरा प्रश्न. मी म्हणालो, “कापा.”

रविवारी दिवसभर मला बटनापासून सहा हात लांब बसवलं होतं. भाभींनी कानशीचे दाते घासून काढले, पातं वळवलं, लाल केलं, आणि माझ्याकडं रोखून बघत तेलात बुडवलं. पण नुसतं कडक पोलाद काचेसारखं. कानशीचं तर फारच. ते मंद आचेवर जरा नरमवावं लागतं, पिकल्या गव्हाच्या काडीचा रंग येईपर्यंत. भट्टीवर आच चढली तर पुन्हा निळं. भाभींना आता धोका पत्करायचा नव्हता. मी म्हटलं, “आमच्याकडं ओव्हन आहे.” आयुष्यात वर्कशॉपला माझा तेवढा एक उपयोग झाला.

प्रांजलनं दार उघडलं तर दारात मी, सुगराबी आणि विळा.

“बाबा, आत नानकटाई आहे.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं.”

विळा दहा मिनिटं रांगेत थांबला. मग दोनशेवर दीड तास. भाभी ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसल्या आणि नानकटाई खात रंग बघत राहिल्या. प्रांजलही बसली. “चाची, मला भाजी चिरायला एक कराल का?” असं तिनं विचारलं, तेव्हा भाभींनी तिच्यापुढची कणीक ओढली, एक गोळा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “दाब.”

सोमवारी चारच्या सुमाराला मी वडगाव रासाईच्या रस्त्याला फिरायला गेलो. फिरायला मी रोज उलट्या दिशेला जातो. कांद्याच्या रानात टोळी बसली होती. लांबूनच विळ्याच्या मुठीवर बसवलेल्या कमानीची पितळी चमक दिसत होती. पात छाटली जाताना दर खेपेला लकाकायची. सखूबाई बांधावर उभ्या. मी राम राम केला. त्यांनी केला नाही, त्या मोजत होत्या. नकुशीचा वाफा शेजारच्या बाईपेक्षा हातभर मागं होता.  मी निघालोच नाही. ऊन कललं, हातभराचं वीतभर झालं. वाफा संपला तेव्हा शेजारीण आणि ती एकदमच उठल्या. नकुशीनं विळ्यासकट हात कमरेवर ठेवून पाठ ताठ केली. मूठ सोडवायला तिला थोडा वेळ लागला.

सखूबाई तिच्यापाशी गेल्या. तिच्या छाटलेल्या कांद्यांतला एक उचलून मान बघितली, परत टाकला.

“उद्या डबा आन,” म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

मी तिथून निघालो तो जवळजवळ पळतच. शेडमध्ये भाभी झाडलोट करत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. हातभर, वीतभर, डबा, सगळं. त्यांनी झाडणं थांबवलं नाही; फक्त फळीवरचे नकुशीचे तीन गोळे पाण्याच्या घमेल्यात टाकले, चौथा पुसून परत जागेवर ठेवला.

कोपऱ्यात माझी तलवार टेकून उभी होती. कमान गेलेली, मुठीचा नुसता खुंट उरलेला, पात्यावर चाकाचा ओरखडा. ती बघून मला माझाच निवृत्तीचा फोटो आठवला. घरी न्यावी तर भिंतीवर शोभायची नाही, टाकावी तर जीव होत नव्हता. घरी खिडकी तर दोन दिवसांपासून आपटून आपटून प्रांजलचं डोकं उठवत होती.

“भाभी,” मी म्हटलं, “आता ह्या तलवारीचं मी काय करू?”

“खिडकीला लावा.”