गुळाचं बोट

"मना आंगमा रगत शे रगत, गूळ नही!" नाना असे गरजले की साक्रीकडच्या आमच्या बाजारातले बठ्ठे, झाडून सगळे कावळे उडून थेट गुजरातेत उतरले असतील.

नाना माझे चुलते, बाजारात गुळाच्या ढेपी फोडून विकतात. ढेप फोडता फोडताच उठून ते शाळेच्या ओट्यावर, तपासणीला आलेल्या नर्सताईंपुढे बोट करून बसले होते. रक्तातली साखर मोजणाऱ्या मुठीएवढ्या यंत्रावर आकडाच येईना. ताई म्हणाल्या, साखर यंत्राच्या मापापलीकडे गेलीय.

खरं तर साखरेची भीती मला होती. तीन महिने अशी तहान, की पांझरा नदी मीच पिऊन कोरडी केली, असं बायको गावभर सांगायची. रात्री सात वेळा उठायचं. पण तपासायला धुळ्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि मी भित्रा. बायकोने दंड धरून इथे आणलं, तेव्हा ताईंच्या डबीत रक्ताचा थेंब घ्यायच्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या.

नानांना घेरी यायला लागली. "मी चालनू रे," म्हणत ते माझ्या खांद्यावर कलले. ताई मात्र त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. बोटावर माशी. हाकलली, पुन्हा तिथेच.

"नाना, हात धुतला होता का?"

"गूळ विकू का हात धोत बसू?"

ताईंनी साबण लावून, तांब्याने पाणी ओतून ते बोट असं घासलं, की नानांच्या लग्नातली हळदसुद्धा निघाली असावी. कोरडं केलं, नवी पट्टी लावून पुन्हा टोचलं. एकशे आठ!

मी थक्क. ना प्रयोगशाळा, ना वीज. एक माशी, एक साबण आणि मोहरीएवढा थेंब, आणि मेलेला माणूस उठून गिऱ्हाईक शोधायला पळाला!

मग शेवटची पट्टी. माझेही हात ताईंनी तसेच घासले. थेंब पट्टीने गटकन ओढला. यंत्र पाच आकडे उलटे मोजतं. तेवढ्यात माझे पाच जन्म झाले. तीनशे बेचाळीस. तीन महिने मी जे बायकोपासून, स्वतःपासून लपवलं, ते त्या थेंबाने पाच सेकंदांत सांगून टाकलं.

"ताई," मी हसत म्हणालो, "माझ्याही बोटाला गूळ लागला असेल. नाना कलले होते ना माझ्यावर."

ताई पट्टी कागदात गुंडाळत म्हणाल्या, "तुमचा हात मीच धुतला, भाऊ. उद्या धुळ्याला जा."