दाजींचं पुढे असलेलं घड्याळ

निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बंद पडलेलं यंत्र चालू करणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण सुरळीत चाललेलं यंत्र केवळ त्याची काळजी घेऊन बंद पाडण्याची विद्या मी आजवर एकाच माणसापाशी पाहिली, आणि तो माणूस माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या शब्दातला पाहुणेपणा त्यांनी तसूभर कमी होऊ दिलेला नाही. दाजी मूळचे मोशीचे. त्यांच्या वडिलांनी ज्या वावरात कांदा काढला तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या मधोमध दाजींचं दुमजली घर हट्टाने बसून आहे. घराच्या गच्चीवरून एक लांबलचक तार शेजारच्या आंब्यापर्यंत गेलेली दिसते. ही दाजींची अँटेना. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, तिच्यावर एकदा टॉवेल वाळत घातले होते. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

दाजींना हौशी रेडिओचा नाद आहे. यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती ते पास झालेले आहेत, आणि ही गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. परवान्याबरोबर अक्षर-आकड्यांचं एक सांकेतिक नाव मिळतं, आणि मग घरबसल्या हवेतून दूरदूरच्या अशाच रिकामटेकड्या माणसांशी बोलता येतं. या छंदात लोक गप्पा मारतात असं मी ऐकलं आहे. दाजी मात्र गप्पा मारत नाहीत, नोंद करतात. कोण बोललं, किती वाजता, कोणत्या लहरीवर, आवाज कसा आला, हे सगळं लॉगबुकात लिहायचं असतं. पूर्वी त्यासाठी वही असे. आता कॉम्प्युटरवर लॉगबुकचं सॉफ्टवेअर आलं, आणि दाजींच्या हाती कोलीत मिळालं. दोन्हीकडच्या माणसांनी आपापली नोंद इंटरनेटवर चढवायची. नाव, लहर आणि वेळ जुळली की त्या नोंदीसमोर हिरवी खूण उमटते. ही हिरवी खूण हे दाजींच्या आयुष्याचं ध्येय आहे. ती उमटावी म्हणून ते जे जे करतात, त्यामुळेच ती उमटत नाही.

मी राहतो वाकडला आणि हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. हे कळल्या दिवसापासून दाजींनी मला आपला नोकर मानलं आहे. "पाव्हणं, सॉफ्टवेअर बिघडलंय, या जरा," एवढाच निरोप येतो. मी रविवारची झोप मोडून, अख्खं शहर ओलांडून मोशीला जातो आणि पाहतो तर सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. रेडिओची वायर ज्या पोर्टला लावायची तिथे प्रिंटरची लावलेली असते. रेडिओची वायर कुठे, तर टेबलाच्या पायाला व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली, धूळ बसू नये म्हणून. सेटिंग्जच्या पानावर दिसणारा प्रत्येक चौकोन टिचकी मारून भरायचाच असतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. "कंपनीनं दिलंय म्हणजे कायतरी उपेगाचं असणार की," असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी अशीच एक खूण केली आणि प्रत्येक नोंद आपोआप दोनदा होऊ लागली. मग दोनदा झालेल्या नोंदी पुसण्यासाठी त्यांनी दुसरी खूण केली, तर दोन्ही नोंदी जाऊ लागल्या. दाजींना हे गणित बरोबर वाटलं, कारण निदान डुप्लिकेट तर राहिली नाही.

बॅकअपचं त्यांना वेड आहे, आणि वेड म्हणण्यात मी सौम्यपणा दाखवतो आहे. फराळाच्या रिकाम्या डब्यात पेनड्राइव्ह भरून ठेवलेले असतात, आणि कोणत्यात काय आहे हे कोणालाच, विशेषतः दाजींना, माहीत नसतं. त्यांनी अख्खं लॉगबुकच एका पेनड्राइव्हवर हलवलं होतं. का, तर कॉम्प्युटरवर विश्वास नाही. तो पेनड्राइव्ह ताईंनी उचलला, त्यात भजनं भरून घेतली आणि गाडीत लावला. इकडे सॉफ्टवेअरने विचारलं, लॉगबुक सापडत नाही, नवीन उघडू का? दाजी म्हणाले उघड. असं ते ज्याला त्याला हो म्हणत गेले, आणि शेवटी मी मोजायचं सोडलं इतकी लॉगबुकं त्या कॉम्प्युटरवर झाली. मी म्हटलं, "दाजी, सॉफ्टवेअर बरोबर आहे." ते म्हणाले, "म्हंजे आमी चुकलो व्हय?" मी म्हटलं, "व्हय." हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झाला आहे की ताई चहा घेऊन आल्या की आधीच विचारतात, "काय ठरलं, सॉफ्टवेअर का हे?" आजवर दर वेळी 'हे' हेच उत्तर निघालं आहे.

आवाज कसा येतो ते समोरच्याला आकड्यात सांगायची या छंदात रीत आहे. पाच-नऊ म्हणजे उत्तम, खणखणीत. दाजी सगळ्यांनाच पाच-नऊ देतात. पलीकडे नुसती खरखर चालू असते, मधूनच कोणीतरी पाण्याखालून बोलल्यासारखं काही ऐकू येतं, आणि दाजी ठामपणे सांगतात, "पाच-नऊ, बहुत बढिया." लगेच पुढे, "आपका नाम फिर से बोलिए, कुछ सुनाई नहीं दिया." मी याबद्दल छेडलं तर म्हणाले, "एवढ्या लांबून बोलतंय ते बिचारं, त्याला दोन-तीन कसं म्हनू?"

या साऱ्या रेडिओ दुनियेत दाजींना मित्र म्हणावा असा एकच होता. जबलपूरकडचे निवृत्त स्टेशनमास्तर. दाजी त्यांना मास्टरजी म्हणत, ते दाजींना मोशीवाले. दर रविवारी सकाळी ठरलेल्या लहरीवर दोघं भेटत. यातल्या कितीतरी रविवारांचा मी साक्षीदार आहे, आणि याहून कंटाळवाणी मैत्री मी पाहिलेली नाही. मास्टरजी संथपणे आपल्या पेरूच्या झाडाबद्दल, गुडघ्याबद्दल सांगत असत; इकडे दाजी एका हाताने माउस आपटत मधेच म्हणत, "मास्टरजी, एक मिनट रुकिए, एंट्री नहीं हो रही." मास्टरजी थांबत. गाड्या थांबवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला थांबण्याचं काय वाटणार. एंट्री झाली की ते विचारत, "कन्फर्म हुआ क्या?" हिरवी खूण आली का, असा अर्थ. दाजी म्हणत, "नहीं आया. आपका सॉफ्टवेअर खराब है." मास्टरजी शांतपणे म्हणत, "हो सकता है. मैं फिर से भेजता हूँ."

त्यांनी एकमेकांना कधी फोन केला नाही. मी एकदा सुचवलं तर दाजी माझ्याकडे असं बघू लागले की मी जणू त्यांची अँटेना भंगारात द्या म्हणालो. "फोनच करायचा तर तार कशाला लावली, पाव्हणं? हवेवरचा माणूस हवेवरच भेटला पायजे." वर आणि, "फोन काय, कुनीबी करतंय."

मागच्या थंडीतल्या एका रविवारी मी तिथेच होतो. मास्टरजींचा आवाज नेहमीपेक्षा क्षीण येत होता. ते म्हणत होते, "मोशीवाले, कल मुझे अस्पताल में भरती होना है, दिल का ऑपरेशन..." आणि नेमकं त्याच वेळी लॉगबुकची खिडकी गोठली. दाजी म्हणाले, "मास्टरजी, रुकिए, एंट्री अटक गई." त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू होईपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. मग एंट्री झाली, दाजी खुशीत माइककडे वळले, तर सूर्य वर आला होता, आणि ऊन चढलं की लांबचा आवाज न पोचवणारी ती लहर मेली होती. नुसती खरखर. दाजींनी पुष्कळ हाका मारल्या. शेवटी त्या खरखरीलाच "पाच-नऊ" असं सांगून त्यांनी रेडिओ बंद केला. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. माणूस छाती फाडून घ्यायला निघाला आहे आणि हे चौकोन भरत बसले आहेत.

पुढच्या रविवारी मास्टरजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दाजींनी मला निरोप पाठवला, "पाव्हणं, त्या शेवटच्या नोंदीला हिरवी खूण येईना. सॉफ्टवेअर बघा." माणसाबद्दल एक शब्द नाही. मी जरा तणतणतच गेलो. या खेपेला कारण शोधूनच काढायचं असं ठरवून मी एकेक सेटिंग तपासत बसलो, आणि दुपारी माझं लक्ष सहज कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे गेलं.

कामगारांच्या घरात घड्याळ पुढे असतं, हे इथे कोणाला सांगायला नको. कंपनीची बस चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावतात. दाजी चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. नाशिक रस्त्यावरची गर्दी दरवर्षी वाढत गेली, तसं दाजी आपलं घड्याळ पुढे सरकवत गेले, आणि निवृत्त झाले तेव्हा ते जवळजवळ तासभर पुढे पोचलं होतं. भिंतीवरचं, मनगटावरचं आणि कॉम्प्युटरवरचंही. कॉम्प्युटर बिचारा इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेत असे, तर दाजींनी ती सोय शोधून काढून बंद केली होती. त्यांच्या आजवरच्या आयुष्यात त्यांना अचूक सापडलेलं हे एकमेव सेटिंग. बस केव्हाच सुटली होती, पण मोशीत अजून तिची वेळ चालू होती, आणि हिरव्या खुणेला थोडाफार फरक चालतो, तासाचा चालत नाही.

"दाजी," मी म्हणालो, "सॉफ्टवेअर बरोबर आहे."

ते पुढचं वाक्य बोललेच नाहीत. "करा दुरुस्त," एवढंच म्हणाले.

मी घड्याळ मागे घेतलं, जुन्या नोंदींच्या वेळाही मागे ओढल्या आणि सगळं पुन्हा चढवलं. मग हिरव्या खुणा येऊ लागल्या. कुठकुठल्या माणसांच्या, आणि त्यांच्यामध्ये मास्टरजींचा एकेक रविवार. त्या माणसाने एकही रविवार चुकवला नव्हता. 'आपका सॉफ्टवेअर खराब है' हे ऐकून घेऊन तो दर वेळी नोंद पाठवत राहिला होता. दाजी प्रत्येक खुणेवर बोट ठेवत खाली आले आणि शेवटच्या नोंदीपाशी थांबले. तिथे खूण नव्हती. "हिला वेळ लागंल," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी या."

त्या आठवड्यात मी दाजींच्या नकळत त्यांचा नियम मोडला. मास्टरजींचं सांकेतिक नाव इंटरनेटवर शोधलं, नंबर मिळाला, फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. ते दवाखान्यातून परत आलेच नव्हते. मग तिनेच विचारलं, "आप मोशीवाले हैं क्या? इतवार को पापाजी आपके लिए जल्दी नहा लेते थे." मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि कोणासाठी ते नीट कळेना.

रविवारी मोशीला गेलो. रेडिओ चालू होता, नेहमीच्या लहरीवर खरखर चालली होती. घड्याळ आता बरोबर होतं, तरी दाजी तासभर आधीच येऊन बसले होते, जुन्या सवयीने. अंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा. मी सगळं ठरवून आलो होतो. सरळ सांगायचं, एवढा मोठा माणूस आहे, समजून घेईल. दाजींनी माझ्याकडे न बघता त्या बिनखुणेच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"पाव्हणं, ही का न्हाई येत?"

मी पडद्याकडे बघितलं. मग म्हणालो, "सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी बिघाड आहे, दाजी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी सॉफ्टवेअरला दोष दिल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला.

"व्हय," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरच आसंल."

ताई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय ठरलं. दाजींनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला, माइक जवळ ओढला आणि त्या खरखरीत आपलं नाव एकदा सावकाश सांगितलं. मग बटण सोडून, उत्तर येण्यापुरते, थांबले.